मजुरीची ओळ

मिस्त्रींनी नाकावर कधी माशी बसू दिली नाही, पण शाळेकडून बिल परत आलं तेव्हा ते नुसतेच खुर्चीत बसून राहिले. शिवणकाम शिकवणारी ती शाळा. तिथे दालनभर शिलाई मशीनं होती आणि ती सगळी मिस्त्रींनी वर्षानुवर्षं आपल्या हातांनी चालती ठेवली होती. कुठलं मशीन गारठ्यात कुरकुरतं, कुठलं जाड कापड दिसलं की रुसतं, हे त्यांना पोटच्या पोरांसारखं ठाऊक होतं. आणि आता शाळेच्या हिशेबनीस बाईंनी कळवलं होतं की सुटे भाग आणि मजुरी वेगळी दाखवा, दोन्हींवर आपापला कर लावा, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून देखभालीचं काम दुसऱ्या दुकानाला द्यावं लागेल.

"मजुरी कसली?" मिस्त्री कडाडले. "मी मजुरी घेतच नाही!"

हे खरंही होतं आणि नव्हतंही. ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या म्हातारबांनी त्यांना बजावलं होतं, "लोखंडाचे पैसे घे, हाताचे घेऊ नकोस. हात फुकट मिळालेत." मिस्त्रींनी ते आयुष्यभर पाळलं. पण हातांना पोट असतंच. म्हणून झालं काय, की अर्धा दिवस मशीनवर मान मोडून काम करायचं आणि बिलात फक्त 'बॉबिनची पेटी बदलली' असं लिहायचं. त्या एवढ्याशा पेटीच्या पोटात सगळी मेहनत कोंबलेली असायची. गिऱ्हाईकाला ते कळायचं, मिस्त्रींनाही कळायचं, आणि दोघांची अळीमिळी गुपचिळी. कळत नव्हतं ते फक्त सॉफ्टवेअरला.

बिलं काढायचं हे सॉफ्टवेअर मिस्त्रींच्या दुकानात आणलं होतं सूनबाईने. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला. ही लग्नाआधी औषधांच्या एका ठोक दुकानात हिशेब बघायची. घरात आल्यावर तिने दुकानातलं कोपऱ्यातलं टेबल पुसलं, संगणक मांडला आणि कुणी न सांगता कामाला लागली. मिस्त्री संगणकाला 'कारकून' म्हणत आणि त्याच्या वाटेला जात नसत.

सूनबाईने कराची सेटिंग उघडली आणि खुदकन हसली.

"बाबा, या कारकुनाच्या लेखी आपल्याकडे मजुरी नावाची गोष्टच नाही. सगळा माल, आणि सगळ्या मालाला एकच कर. बिचारा दुसरं काय करणार? सांगू तेवढंच करतो."

"मग आता?"

"आता मला सांगा, शटलचं टायमिंग लावायचे तुम्ही काय घेता?"

"काही नाही. नुसता हात फिरवतो."

"आणि कापड सरकवणारे खालचे दाते नव्याने बसवायचे?"

"त्यात काय घ्यायचं? बसवले की झालं."

"काल सकाळपासून जेवायला हाक मारेपर्यंत त्या निळ्या मशीनवर वाकला होतात. ते काय 'बसवले की झालं'?"

मिस्त्रींनी तेलाची कुपी उचलून मशीनकडे तोंड वळवलं. मागच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "भीड भिकेची बहीण, हे मी लग्नापासून सांगतेय यांना. माझं नाही ऐकलं, निदान कारकुनाचं तरी ऐका!"

सूनबाईने वाद घातला नाही. आपली खुर्ची उचलली आणि मिस्त्रींच्या कामाच्या टेबलाशी आणून ठेवली. ते काम करत होते आणि ती बघत होती. भाव विचारत नव्हती. हे कशासाठी उघडलं, ते कशाला सैल केलं, असंच विचारत होती. मिस्त्रींना असं विचारणारं आजवर कुणी भेटलंच नव्हतं, मुलगासुद्धा नाही. त्यांची कळी खुलली. मशीनच्या पोटातल्या गोष्टी ते रंगवून सांगू लागले आणि ती एकेका कामाला नाव देऊन संगणकात नोंदवू लागली. साफसफाई आणि तेलपाणी. टायमिंग लावणे. धाग्याचा ताण बसवणे. प्रत्येक नावापुढे तिने मजुरीचा कर लावला. सुटे भाग मालाच्या करात राहू दिले.

घोडं अडलं ते भावावर. मिस्त्रींच्या तोंडून आकडा निघेना.

"बरं, नका सांगू," सूनबाई म्हणाली. "पेटी आपल्याला कितीला पडते ते मला माहीत आहे. तुम्ही बिलात कितीला लावलीत तेही समोर आहे. मधलं उरतं ते काय?"

मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिले.

"ती तुमची मजुरी, बाबा. मी नवी काही लावत नाही. आहे तिला नाव देतेय."

मिस्त्रींनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, हे सूनबाईने विचारलं नाही.

मग त्यांनी जे पाहिलं, ते पुढे कितीतरी दिवस सासूबाईंना सांगत राहिले. त्यांना वाटलं होतं, आता ही बटण दाबेल आणि बिल काढेल. पण तिने आधी एक खोटं गिऱ्हाईक तयार केलं, त्याच्या नावाने खोटं बिल केलं आणि करांच्या दोन्ही ओळी तपासल्या. बिल चोख आलं. तरीही तिचं समाधान होईना. तिने तेच बिल शाळेच्या नावावर करून पाहिलं, आणि काय, पुन्हा सगळ्यावर एकच कर! ती चिडली नाही. एकेक पान उघडत गेली आणि शेवटी तिला सापडलं, की शाळेचं खातं उघडताना त्या गिऱ्हाईकालाच एक कर चिकटवून ठेवला होता, आणि तो बाकी सगळ्यांच्या वरचढ ठरत होता.

"दुरुस्ती केली, पण पट्टा जुन्याच चाकावर," मिस्त्री पुटपुटले.

"अगदी तसंच!" तिने तो कर काढला. "आणि जुन्या बिलांना हात नाही लावायचा हं. ती भरून झालीत. नवा नियम आजपासून."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. आधी मशीन हाताने फिरवून बघावं, मग पाय मारावा, हे शिकायला त्यांना उमेदीची वर्षं लागली होती. ही पोरगी ते जन्मतःच शिकून आली असावी. त्यांना तिचा फार अभिमान वाटला.

शाळेचं नवं बिल निघालं. मिस्त्रींनी बेरीज पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कारकून चुकला. आकडा कमी झालाय."

"चुकला नाही. हाताच्या कामाला कर कमी आहे. इतके दिवस सगळ्यावर मालाचा जास्तीचा कर बसत होता."

"म्हणजे मी मजुरी लपवली, म्हणून लोकांनी जास्त भरले?"

सूनबाईने बिलाची घडी घातली. "तुमच्या खिशात नाही आले, बाबा. पण त्यांच्या खिशातून गेले, हे खरं."

दुसऱ्या दिवशी दोघं शाळेत गेली. भिंतीपलीकडे मशीनं धडधडत होती. हिशेबनीस बाईंनी बिल वाचलं, चष्मा वर केला.

"मिस्त्री, मजुरी सुट्या भागांपेक्षा जास्त दिसते. काही चुकलं तर नाही ना? दुसऱ्या दुकानाने मजुरी बरीच कमी सांगितलीय."

मिस्त्रींच्या जिभेवर तयारच होतं की नुसता हात फिरवलाय, कमी करून टाका. सेटिंग सूनबाईने लावली होती, पण हे काही तिला लावता येणार नव्हतं. पलीकडे एक मशीन अडखळलं, पुन्हा सुरू झालं. मिस्त्रींनी कान दिला.

"चुकलेलं नाही," ते म्हणाले. "ते काम माझं आहे आणि त्याचा भाव तोच आहे. कमीत करणारा मिळाला तर जरूर द्या त्याला. मशीनं तेवढी जपायला सांगा."

बाईंनीही क्षणभर पलीकडच्या आवाजाकडे कान दिला आणि बिलावर शिक्का मारला. "पुढच्या महिन्यात नेहमीसारखे या."

रस्त्यावर आल्यावर मिस्त्री मध्येच थांबले.

"दुकानाच्या खर्चात तुझा पगार कुठाय गं?"

"माझा?" सूनबाई गडबडली. "बाबा, ते... घरचंच दुकान आहे ना."

"आकडा सांग. सांगितल्याशिवाय मी इथून हलायचा नाही."

लोक वळसा घालून जात होते. सूनबाई लाल झाली, तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी आकडा सांगितला. चांगला चढाच सांगितला. मिस्त्रींनी घासाघीस केली नाही.