पेशीची विश्रांती

सर, तुम्ही माझ्यासमोर बसून खोटं बोललात.

मेडिकल स्कूलच्या प्रवेशासाठी वर्षभर मी धरमपेठेत तुमच्या घरी जीवशास्त्र शिकायला आले. घरी पाण्याच्या पेल्यावर कांदा बसवायचा, मुळं फुटली की सकाळीच टोकं कापून तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली आणायची. आई करवादायची, "काहून वं वच्छले, कांदा भाजीत टाकाचा का त्याले न्हाऊ घालाचं?"

त्या टोकांत मी पेशी दुभंगताना पाहिल्या. गुणसूत्रांचे रंगवलेले धागे मधोमध रांगेत लागलेले, प्रत्येकाच्या उभ्या दोन फाका, एकेक फाक एकेका टोकाकडे निघालेली. एका पेशीच्या दोन, आणि दोघींत धागे मूळ पेशीइतकेच. मी विचारलं, "पुस्तक म्हणतं, दोन विभाजनांच्या मधे पेशी विश्रांती घेते. मग दुप्पट माल आला कुठून?"

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "शाब्बास! विश्रांती कसली, तेव्हाच तर ती सगळी जमवाजमव करते. पुस्तक चुकलंय. घोकू नकोस, डोकं चालव."

मी डोकं चालवलं.

तोंडी परीक्षेला टेबलामागे परीक्षक म्हणून तुम्ही आणि तुमचा वरिष्ठ, गोरा साहेब. ते पुस्तक त्यानंच नेमलेलं. दोन विभाजनांच्या मधल्या काळात पेशी काय करते, त्यानं विचारलं. मी म्हणाले, पुढच्या विभाजनाची तयारी. तो हसला. "पुस्तकात विश्रांती आहे. तुला हे कुणी सांगितलं?"

"सरांनी."

त्यानं तुमच्याकडे मान वळवली. तुम्ही चष्मा पुसत इंग्रजीत म्हणालात, "मुलीचा घोळ झालाय. मी पुस्तकातलंच शिकवतो."

नापास. साहेबानं नाही केलं, तुम्ही केलंत. त्याला निदान खरं ठाऊक नव्हतं.

बाबांनी एकच वर्ष दिलं होतं, जागा मिळाली तर शिक्षण, नाही तर लग्न. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एवढा मोठा मास्तर कायले खोटं बोलन पोरी? तुलेच समजलं नसन."

साहेबासमोर तुमची नोकरी होती, मान्य. माझ्या बापासमोर कसली भीती आहे? ते सीताबर्डीत कापड विकतात, तुमचं काय वाकडं करणार? त्यांना तुमचं एक वाक्य पुरेल: पोरगी बरोबर होती. तेवढ्यावर ते आणखी एक वर्ष देतील.

मंगळवारी मुलाकडचे येणार आहेत. मला माफी नको. त्याआधी दुकानात येऊन हे बोलणार आहात की नाही, सर?