भुंड्या नखांची बाई

नखं करून घ्यायला आलेल्या बाईची स्वतःची नखं भुंडी, इथेच सलूनवाल्या लियूच्या मनात पाल चुकचुकली. भुंडी म्हणजे अगदी मुळापर्यंत कापलेली, वर रंगाचा पुसटसा डागही नाही. देश सोडून आलेल्या आमच्या लोकांच्या या बोल्सा रस्त्यावरची कुठलीही बाई, मग ती भाजी विकणारी का असेना, इतक्या उघड्या बोटांनी नेल सलूनमध्ये शिरत नाही. त्यात ही दारातच थबकली. तिने छताकडे पाहिलं, मागच्या बंद दाराकडे पाहिलं आणि मग गोड हसून म्हणाली, "नमस्कार आत्या. जागा आहे का?"

आत्या! जशी काही लियूच्या भावाचीच लेक. अनोळखी बाईला आत्या म्हणायची आमच्यात रीतच आहे, त्याचं काही नाही. पण ही बोलली ती उत्तरेकडच्या वळणाने, आणि ते वळण कानावर पडलं की लियू आजही आधी दाराकडे बघते.

सायगाव उत्तरेकडच्या कम्युनिस्टांच्या हाती पडल्यानंतर मिथो गावातल्या त्यांच्या गल्लीत अशीच एक गोड बोलणारी बाई आली होती. "ताई, मी तुमच्या मदतीला आलेय," म्हणत तिने चहा घेतला, घरात कोण कोण, कोण काय करायचं, सगळं मायेने विचारून घेतलं. पुढच्याच आठवड्यात लियूच्या वडिलांना 'सुधारण्या'साठी म्हणून सक्तमजुरीच्या शिबिरात नेलं. परत आले ते हाडांचा सापळा होऊन. तेव्हापासून 'मदत' या शब्दाचा लियूने धसका घेतला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. लियू पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

तिचा विश्वास कुणावरच नव्हता. टपालवाला पाकिटं उजेडाला धरून वाचतो, समोरची सलूनवाली गिऱ्हाइकं फोडायला माणसं पाठवते, हे तिचं ठाम मत. सध्या तिचा सगळ्यात मोठा राग होता तो वाण्यांवर. नुओक माम म्हणजे माशाचं खारं पाणी. त्याच्याशिवाय आमचा घास घशाखाली उतरत नाही, आणि बाटली उघडली की वास शेजारच्या घरी पोचला पाहिजे. पण हल्ली त्याला वासच राहिला नव्हता. लियूने बाटल्या बदलल्या, दुकानं बदलली, एका वाण्याशी तर भर बाजारात कडाकडा भांडून आली. "मिठाच्या पाण्यात रंग कालवून विकतात मेले," ती म्हणायची. "सगळे एका माळेचे मणी."

पण चोराच्या मनात चांदणं असतं, तसं लियूच्याही मनात होतं. मागच्या खोलीत पत्र्याचा एक डबा होता. कृत्रिम नखं बसवायला पावडर लागते आणि लिक्विड लागतं. लियू वापरायची त्या जातीच्या लिक्विडवर बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. पण ते स्वस्त, आणि त्याने बसवलेलं नख हातोड्यानेसुद्धा निघायचं नाही, म्हणून एक माणूस गाडीच्या डिकीतून गुपचूप आणून द्यायचा. सरकारी तपासनिसाच्या हाती डबा लागला तर परवाना गेला, म्हणजे दुकान गेलं. आणि दुकान गेलं तर क्वेनचं काय?

क्वेन ही मात्र खरोखरच भावाची लेक. भाऊ मिथोलाच वारला, तेव्हा लियूने पोरीला इकडे आणवून घेतलं, हातात ब्रश दिला, लग्न लावून दिलं. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी असला तर असला. पहिलं मूल पोटातच गेलं. आता परत दिवस गेले होते, पोट दिसू लागलं होतं, आणि लियूने पॅगोडात जाऊन बोधिसत्त्वाला नवस बोलला होता की या खेपेला तरी बाळ मांडीवर खेळू दे. लक्षणं चांगली होती. "आमच्या क्वेनला काही म्हणता काही होत नाही," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "ना ओकारी, ना मळमळ. मासे तळले तरी शेजारी उभी राहते. देवाचीच कृपा."

तर अशा या क्वेनसमोर ती भुंड्या नखांची बाई जाऊन बसली. साधीच नखं घासून द्या म्हणाली. क्वेनचं पोट पाहिलं आणि बाईचा चेहरा बदलला. लियू शेजारच्या टेबलावर बाटल्या पुसत होती, म्हणजे पुसत असल्याचं दाखवत होती. तिचे कान इकडे होते.

"कितवा महिना गं?" बाईने विचारलं.

"पाचवा लागेल आता," क्वेन लाजत म्हणाली.

"दिवसभर इथेच बसतेस? खिडकीपाशी नाही का टेबल हलवता येणार?"

"खिडकीपाशी ऊन येतं," लियू मधेच म्हणाली. "आणि टेबलं जिथे आहेत तिथे बरी आहेत."

बाई तिच्याकडे वळली. "आत्या, दार बंदच असतं का? एवढ्या वासाचा त्रास नाही होत तुम्हाला?"

आला! सापळा आला! वासावरून डब्यापर्यंत पोचायचा बेत आहे हिचा. लियूने हातातली बाटली शांतपणे खाली ठेवली.

"वास? कसला वास? माझ्या दुकानात कसलाही वास नाही. काय गं क्वेन, येतो का तुला वास?"

"नाही आत्या," क्वेन म्हणाली.

बाईने आधी लियूकडे पाहिलं, मग क्वेनकडे, आणि क्वेनकडेच बराच वेळ पाहत राहिली. चोर पकडल्यासारखं नव्हतं ते पाहणं. पण लियूला तेव्हा ते कुठून कळणार?

निघताना तिने एक कार्ड टेबलावर ठेवलं. "माझं नाव लाम. आमचं नखं करणाऱ्या बायकांचं मंडळ आहे. रविवारी पॅगोडाच्या मागच्या खोलीत जमतो. आजारी पडलेल्यांना डॉक्टरकडे नेतो, मालकिणींना चांगला माल कुठे मिळतो ते सांगतो, पुढच्या महिन्यात आमदारांपुढे गाऱ्हाणं मांडायला राजधानीत जाणार आहोत. आत्या, मी तुमच्या मदतीला..."

"नको," लियू म्हणाली. "इथे सगळं ठीक आहे."

बाई गेली तसं लियूने ते कार्ड चिमटीत धरलं आणि दाराबाहेर बसलेल्या तोआनच्या पुढ्यात टाकलं. तोआन म्हणजे दक्षिणेच्या जुन्या, हरलेल्या सैन्यातला सार्जंट. म्हातारा रोज सकाळी बर्फाची कॉफी घेऊन सलूनच्या दाराबाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचा, टोपीवर त्या गेलेल्या राज्याचा पिवळा झेंडा लावून. आत ये म्हटलं तरी येत नसे. रस्त्यावर कोण येतं कोण जातं यावर नजर ठेवायला म्हातारा बाहेर बसतो, अशी लियूची समजूत होती, आणि तिला ते आवडायचं.

"बघा तोआनभाऊ. काय वाटतं?"

तोआनने कार्ड लांब धरून वाचलं. "बोलण्यावरून उत्तरेची. आणि मंडळ! मंडळं कोण काढतं, लियूताई? कम्युनिस्ट काढतात."

"कम्युनिस्ट कशाला माझी नखं बघायला येतील? मला तर तपासनीस वाटते. दार बघितलं, छत बघितलं."

"कम्युनिस्टपण आधी छतच बघतात."

"तुम्हाला तर तुमच्या सुनेच्या स्वयंपाकातपण कम्युनिस्ट दिसतात."

"तिच्या स्वयंपाकात काही दिसलं असतं तर बरं झालं असतं," तोआन म्हणाला आणि कॉफीचा घोट घेतला. "पण एक सांगतो. फुकट मदत करणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. पाणी कुठेतरी मुरतंय."

दुपारपर्यंत लियूने अर्ध्या बोल्सावर फोन फिरवले. एका मालकिणीने सांगितलं, हो, आमच्याकडेही आली होती, हातमोजे देऊन गेली. दुसरी म्हणाली, तिच्या नादी लागून माझ्या दोन पोरींनी तोंडाला जाड फडकी बांधली, गिऱ्हाइकं घाबरली. तिसरी म्हणाली, परत येते ती, एकदा येऊन थांबत नाही. झालं! परत येते म्हणजे या खेपेला झडती घेणार. डबा हलवायला हवा.

पण हलवायचा कुठे? घरी नेला तर वाटेत सांडायचा. गाडीत ठेवला तर उन्हाने फुगायचा. विचार करता करता लियूची नजर भूमीबाबांवर गेली आणि तिचं तिलाच हसू आलं. आमच्या प्रत्येक दुकानात दाराजवळ, जमिनीवरच, लाल लाकडाचं छोटं देवघर असतं. त्यात ढेरपोट्या भूमीबाबा बसलेले असतात, फिदीफिदी हसत. बाबांना सकाळी कॉफी लागते आणि एक पेटवलेली सिगारेट लागते. ती मिळाली की बाबा दुकान सांभाळतात, नाही मिळाली तर रुसतात. त्या देवघराला हात लावायची कुठल्याही तपासनिसाची छाती होणार नाही. आणि ही तर आपल्यातलीच, म्हणजे मुळीच होणार नाही.

दुकान बंद करताना लियूने डबा भूमीबाबांच्या पाठीमागे सरकवला. जागा अरुंद होती. ढकलताना झाकण भिंतीला घासलं, पण डबा बसला एकदाचा. "बाबा, तेवढं पोटामागे लपवा," ती हात जोडून म्हणाली. "पोरीच्या बाळासाठी करतेय हो."

सकाळी ती एकटीच आली. क्वेन पाव घ्यायला कोपऱ्यावर गेली होती. तोआन आलेला होता, पण म्हातारा आज स्टूल उचलून पार शेजारच्या दुकानापुढे जाऊन बसला होता. विचित्रच! लियूने दुकान उघडलं, दार लोटून घेतलं, बाबांपुढे कॉफीचा पेला ठेवला, सिगारेट त्यांच्या ओठांच्या खाचेत बसवली आणि खिशातून लायटर काढून खाली वाकली.

"आत्या! थांबा! पेटवू नका!"

दार धाडकन उघडलं होतं. भुंड्या नखांची बाई हातातलं हातमोज्यांचं खोकं टाकून धावत आली आणि तिने लियूच्या हातातला लायटर हिसकावून घेतला. लियूची पाचावर धारण बसली. पकडलं! हिने नुसत्या दारातून पकडलं!

"तुला कुणी सांगितलं?" लियू ओरडली. "कुणी चुगली केली? क्वेन? तोआन?"

"काय सांगायचं? आत्या, बाहेरच्या फुटपाथपर्यंत वास आलाय!" लामने रुमाल नाकाला लावला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने देवघर पुढे ओढलं. पाठीमागे डबा कलंडलेला, झाकण सैल, आणि भूमीबाबांच्या बुडाखालची सगळी फरशी ओली. "ठिणगी पडली असती तर तुम्ही राहिला नसता."

"वास नाही," लियू म्हणाली. खरंच नव्हता. तिने जोराने श्वास ओढून पाहिला. "कुठे आहे वास? खोटं बोलतेस तू. तोआनभाऊ! या इकडे. सांगा हिला!"

तोआन दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला, नाकावर टोपी दाबून.

"लियूताई, आज तर फारच आहे."

"आज म्हणजे?"

म्हातारा अवघडला. "रोज असतोच ना थोडा. म्हणून तर मी बाहेर बसतो. बाईमाणसाला तोंडावर कसं सांगायचं, तुमच्या दुकानात वास येतो म्हणून?"

लियूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. काल हिला कम्युनिस्ट म्हणणारा आज हिच्याच बाजूने बोलतोय. संगनमत आहे! पण मन तसं म्हणत असताना पाय मात्र मागच्या खोलीकडे वळले. तिथे फडताळात कालच नव्या वाण्याकडून आणलेली नुओक मामची बाटली होती. तिने झाकण काढलं, बाटली नाकाला भिडवली आणि छाती भरून श्वास घेतला.

काही नाही. पाणी हुंगावं तसं.

लाम तिच्या मागोमाग आली होती. बाटली उघडताच तिने मान बाजूला फिरवली. लियूने ते पाहिलं. नाकात माशाचा वास घुसला की आपलं प्रत्येक माणूस मान अशीच फिरवतं, त्यात नाटक करता येत नाही. मग किती वाण्यांना आपण चोर ठरवलं? आणि काल 'कसला वास' म्हणालो, ते खोटं म्हणून सांगितलेलं खरंच होतं तर. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून दारावर पहारा केला, आणि चोर कधी येऊन आपलं नाक घेऊन गेला ते कळलं नाही.

"मीही नखंच करायचे, आत्या," लाम हळू आवाजात म्हणाली. तिने आपली बोटं पुढे केली. टोकांची कातडी भेगाळून सोलली होती. "आता रंग लावला की रक्त येतं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताईंचं नाक असंच गेलं होतं. काल तुम्ही वास नाही म्हणालात तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखं लपवताय. पण मग ती पोरगीही..."

मागचं दार उघडलं आणि क्वेन आत आली, बगलेत गरम पावाची पिशवी, दुसरा हात पोटावर. त्या कोंडलेल्या, डोळे चुरचुरणाऱ्या हवेत ती हसतमुखाने शिरली आणि दोघींना पाहून थबकली.

"काय झालं? आणि हे दार कशाला उघडं टाकलंय पुढचं? एसीची गार हवा बाहेर जाते म्हणता ना?"

लियूच्या हातात अजून बाटली होती. तिने बाटली क्वेनपुढे धरली. मनात तिने भूमीबाबांना, बोधिसत्त्वाला, मेलेल्या भावाला, सगळ्यांना एकच गोष्ट मागितली. पोरीने तोंड वाकडं करावं. शी म्हणावं. धावत मोरीवर जाऊन ओकावं.

"वास घे," ती म्हणाली.

क्वेनने बाटली नाकाशी नेली, डोळे मिटून चांगला लांब श्वास घेतला आणि हसली.

"ही पण भेसळीचीच निघाली का, आत्या?"

लियूने बाटली काढून घेतली आणि क्वेनचा हात धरून तो लामच्या भेगाळलेल्या हातात दिला.

"लाम," ती म्हणाली. "हिला आधी बाहेर ने."