बॅगवाल्याचा टाका

मित्रांनो, चामडे शिवणाऱ्या एका जुन्या मशीनची ही हकिकत आहे आणि ते मशीन म्हणजे मीच. घरात कपडे शिवतात त्या मशीनपेक्षा माझी मान जाड, सुई लांब. चामड्याचे थर असोत की जाड कॅनव्हास, मी कधी अडले नाही. आज माझ्या पायाला तारेने एक पत्र्याचा बिल्ला बांधलेला आहे. त्यावर खटल्याचा क्रमांक आहे. असला बिल्ला शिलाई मशीनच्या पायात कसा आला, ते तुम्हाला सांगायचे आहे.

लोखंड ओतून मला घडवले, काळा रंग दिला आणि अंगावर सोनेरी वेल काढली. ती वेल आता घासून गेली आहे. दोन-तीन मालक बदलून मी बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या दुकानात आले. दुकान कसले, दोन इमारतींमधली फटच ती. एक स्टूल, एक मी, आणि छतापासून टांगलेल्या बॅगा. बाजारात सगळे माझ्या मालकाला बॅगवाले काका म्हणत. त्यांची बायको कधीच वारली होती. एकुलती एक लेक प्रयोगशाळेत रक्त तपासायचे काम करी आणि घरी जाताना दुकानात डोकावून जाई.

सुईखालचा, चामडे पुढे सरकवणारा माझा एक दाता झिजलेला आहे. त्यामुळे माझा टाका किंचित डावीकडे कलतो. दुसरा कोणी असता तर दाता बदलून मोकळा झाला असता. काका म्हणाले, "राहू दे. प्रत्येकाची सही वेगळी असते." पुढे त्या कललेल्या टाक्याचेच नाव झाले. टाका पाहिला की लोक म्हणत, "ही बॅग बॅगवाल्याकडून आलेली. आता मालक फाटेल, पण बॅग फाटायची नाही." ते ऐकून मला फार बरे वाटायचे.

काकांचा एक नियम होता. तो त्यांनी आपल्या गुरूकडून घेतला होता. फाटले असेल तेवढेच बघायचे, बाकीची बॅग म्हणजे दुसऱ्याचे घर. गिऱ्हाईक बॅग रिकामी करू लागले की काका भिंतीकडे तोंड करत. शिवताना कप्प्यात काही हाताला लागले, तर ते स्वतः काढत नसत. गिऱ्हाइकाला बोलावून त्याच्याच हाताने काढायला लावत. बायका दागिन्यांसकट बॅगा टाकून बिनघोर बाजारात जात.

समोरचा घड्याळजी यावरून त्यांना छळायचा.

"अरे, एकदा तरी आत डोकावून बघ. एखादी बायको सापडली तर पुन्हा संसार तरी होईल तुझा."

"सापडली तर तुझ्याकडे पाठवीन," काका मान वर न करता म्हणायचे. "तुझी माहेरी जायच्या बेतात आहे, असं ऐकलंय."

एक दिवस एक गृहस्थ मोठी प्रवासी बॅग घेऊन आले. बूट चकचकीत, बोलणे गोड. बॅगेच्या बुडाचे अस्तर एका बाजूने उसवले होते.

"काका, खाली जाड पुठ्ठा मीच चिकटवलाय. तो हलवू नका. नुसतं अस्तर शिवून द्या. आणि टाका तुमचाच हवा हं, पक्का."

काकांनी पुठ्ठा हलवला नाही. त्याला बोटही लावले नाही. बॅग माझ्या मानेखाली सरकवली आणि अस्तर शिवून दिले. गृहस्थ टाक्याचे कौतुक करत निघून गेले.

त्यानंतर काही आठवड्यांनी दोन माणसे दुकानात आली. साध्या कपड्यांत होती. त्यांच्यातल्या एकाने खिशातून कापलेल्या अस्तराचा तुकडा काढून फळीवर पसरला.

"काका, हा टाका कोणाचा, ओळखता येईल?"

काकांनी चष्मा लावला. टाक्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"माझाच की. अख्खा बाजार पालथा घाला, असा टाका दुसरीकडे मिळायचा नाही."

"नक्की?"

"अहो, पैज लावा."

दुसऱ्या माणसाने वळून शटर अर्धे खाली ओढले. समोर घड्याळजी डोळ्यावरचे भिंग न काढताच उभा राहिला. काका अजून हसतच होते. ते हसू चेहऱ्यावर असतानाच त्यांना कळले, की त्या पुठ्ठ्याखाली अमली पदार्थाची पाकिटे होती, बॅग तपासणीत पकडली गेली होती आणि गोड बोलणाऱ्या गृहस्थांनी सांगून टाकले होते, "मला काय माहीत? शिवलंय बॅगवाल्याने. त्यालाच विचारा."

काकांना त्यांनी नेले. मलाही नेले. मुद्देमाल ठेवायच्या खोलीत, गंजलेल्या सुऱ्या आणि चाक नसलेल्या सायकली यांच्यामध्ये मला ठेवले. तिथला कारकून कंबर धरून म्हणाला, "हे धूड पुरावा म्हणून आणायची अक्कल कोणाची रे?" मग त्याने माझ्या पायाला बिल्ला बांधला. मला तेल घालणारे हात एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यापाशी नव्हते.

परवानगी काढून एकदा लेक आणि वकीलबाई मला बघायला आल्या.

"ताई, आरोप दोन आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "माल लपवून न्यायला मदत केली, हा एक. कटात सामील होते, हा दुसरा."

"आणि शिक्षा?"

"वजनावर असते. माल थोडा असेल तर महिने, जास्त असेल तर वर्षं. वजनही भेसळीसकट धरतात. हा माल सगळ्यात वरच्या गटात बसतो. सिद्ध झालं तर दहा वर्षांच्या खाली नाही. अशा वेळी जामीनही सहजी मिळत नाही."

लेकीने माझ्या चाकावर हात ठेवला. तो गार होता.

"पण त्यांना माहीतच नव्हतं."

"तोच आपला बचाव आहे. नुसता हात लागला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. आत काय आहे ते ठाऊक असावं लागतं. पण आपल्याकडचा हा कायदा जरा उलटा चालतो. एरवी गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे माल हाताखालून गेला एवढं त्यांनी दाखवलं, की ठाऊक नव्हतं हे आपण सिद्ध करायचं."

"नव्हतं ते सिद्ध कसं करायचं?"

वकीलबाईंनी हातातले कागद मिटले. मग म्हणाल्या, "पोलीस आले तेव्हा, वकील येईपर्यंत बोलणार नाही, असं म्हणायचा हक्क होता त्यांना. गप्प बसले असते तर बरं झालं असतं."

"त्यांना टाक्याबद्दल विचारलं होतं," लेक म्हणाली. "टाक्याबद्दल विचारल्यावर बाबा गप्प बसणारे नव्हेत."

खटला सुरू झाला तेव्हा मला उचलून न्यायालयात आणले. एका कारागिराने माझ्याखाली चामड्याचा तुकडा धरून टाका घातला. तो डावीकडे कलला. सरकारी वकिलांनी तो तुकडा न्यायाधीशांपुढे ठेवला. जन्मभर ज्याचे कौतुक झाले, त्याच टाक्याने माझ्या मालकाकडे बोट दाखवले होते.

मग घड्याळजी साक्षीला उभा राहिला. तो मित्राला वाचवायला आला होता. "साहेब, हा माणूस कधीच कोणाच्या बॅगेत बघत नाही. गिऱ्हाईक बॅग उघडतं तेव्हा भिंतीकडे तोंड करतो. मी समोर बसून रोज पाहिलंय."

सरकारी वकील शांतपणे म्हणाले, "म्हणजे बघता येत असूनही ते बघत नव्हते. असा माणूस माल लपवणाऱ्याला फार सोयीचा, नाही का?"

काकांनी आरोपीच्या पिंजऱ्यातून लेकीकडे पाहिले. आपण आयुष्यभर जपलेले काहीतरी कोणी उलटे करून दाखवावे, तसे ते पाहात होते.

पुढच्या तारखेला पिंजरा रिकामा होता. वकीलबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितले, की तुरुंगाच्या दवाखान्यात काका पहाटे वारले. छाती कफाने भरली होती. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मृताविरुद्धचा खटला संपला, असे लिहून घेतले आणि दुसऱ्या आरोपीचे, म्हणजे त्या गोड बोलणाऱ्या गृहस्थांचे, काम पुढे चालू झाले. तेवढेच. मला वाटले, कोणी तरी थांबेल. कोणी थांबले नाही.

त्या गृहस्थांना पुढे शिक्षा झाली. निकालपत्र लांबलचक होते. काकांना ठाऊक होते की नव्हते, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. लेकीने वकीलबाईंना विचारले, "निर्दोष हा एक शब्द तरी मिळेल का कुठे?"

"ताई, माणूस गेला की त्याच्यावर आरोप राहत नाही. मग निकालही लागत नाही."

"आरोप राहतो हो," लेक म्हणाली. "आमच्या बाजारात येऊन ऐका."

ते खरे आहे. खटला संपल्यावर लेकीने मला सोडवून आणले आणि मी आता पुन्हा दुकानात आहे; पायाचा बिल्ला तेवढा तसाच राहिला. लेक सुटीच्या दिवशी येऊन मला पुसते, तेल घालते. शिवायला अजून कोणी बसत नाही. रस्त्याने जाणारी माणसे आत बघतात आणि हळूच एकमेकांना सांगतात, "हे त्याचंच दुकान, नशेचा माल शिवणाऱ्याचं." ज्यांच्या बॅगा मी शिवल्या, तेही त्यांच्यात असतात. त्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांचे टाके मला इथून ओळखू येतात.

मित्रांनो, मी लोखंड आहे, मला कायदा कळत नाही. पण तुमच्याकडे एवढे मागते. दुसऱ्याने दिलेली बॅग हातात घेण्याआधी ती त्याच्यासमोर उघडून बघा. त्याला राग आला तर येऊ द्या. पोलिसांनी काही विचारले, तर उत्तर देण्याआधी घरच्यांना आणि वकिलाला बोलवा. अशा वेळी गप्प राहणे हा गुन्हा नाही. आणि निकाल लागण्याआधी कोणाला गुन्हेगार म्हणू नका, कारण काही माणसांचा निकाल लागतच नाही. माझ्या मालकाबद्दल कधी कोणी विचारले, तर तो बॅगा शिवायचा, एवढेच सांगा.