अक्कलदाढचा तिसरा अल्बम

आमच्या बँडचं नाव अक्कलदाढ, कारण आमचा सराव चालायचा दातांच्या दवाखान्याच्या तळघरात. दवाखाना आमच्या ड्रमरचा. त्याला आम्ही डॉक्टरच म्हणायचो. दिवसभर तो लोकांचे दात उपटायचा आणि शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडला की खाली येऊन ड्रम बडवायचा. एकदा वर खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसलेल्या असताना मास्तरनं खाली गिटार लावून बघितली. बाई तोंडातल्या कापसासकट पळाल्या. मास्तर म्हणजे आमचा गिटारवाला, शाळेत गणित शिकवतो. मी बास वाजवतो आणि चष्म्याच्या दुकानात लोकांना "आता खालची ओळ वाचा" असं सांगतो. राहिला गळा. तो भोंग्याचा.

भोंगा अंगानं इतका किरकोळ, की माइकच्या स्टँडशेजारी उभा राहिला तर दोघांतला स्टँड कुठला ते लांबून कळू नये. पण तोंड उघडलं की समोरच्याच्या कानठळ्या बसायच्या. आमचं संगीत मेटलकोर. त्यात निम्मं ओरडणं असतं, निम्मं गाणं. मधेच ब्रेकडाउन येतो, म्हणजे सगळी वाद्यं संथ आणि जड होतात, घणाचे घाव पडल्यासारखी, आणि समोरची माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात. यातलं गाणं भोंग्याला मंजूर नव्हतं. "मऊ गायचं असतं तर घरी बसून अंगाई नसती गायली?" असं म्हणून पहिला अल्बम तो पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता ओरडला. शब्द त्याचेच असायचे. ते आम्हालाही कळायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचा, "व्यवस्थेविरुद्ध आहेत."

त्याची थोरली बहीण हे सगळ्यांना अभिमानानं सांगायची. ताई पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक. दोघं भावंडं एकाच घरात राहायची. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला ताई दारापाशी टेबल मांडून बँडचे टी-शर्ट विकायची. कानात पोहणाऱ्यांचे रबरी बोळे, अंगात बँडचा टी-शर्ट. "कळत काही नाही मला," ती गिऱ्हाइकाला सांगायची, "पण माझा भाऊ अन्यायाविरुद्ध बोलतो."

दुसऱ्या अल्बमला मास्तरच्या अंगात गणित संचारलं. गाणी सातच्या मात्रेत सुरू होऊन अकरावर जायची आणि तेरावर आदळायची. लोक तालावर मान हलवायला जायचे, तर मान वर असताना ठोका खाली पडायचा. एकाची मान लचकली. एका समीक्षकानं लिहिलं, "या बँडला मोजता येतं, एवढं मान्य करावं लागेल." मास्तरनं ते कात्रण फ्रेम करून घेतलं.

आणि मग भोंग्याचा घसा बसला, तो उठेचना. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून बघितलं आणि म्हणाल्या, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. तुम्ही करता काय?"

"ओरडतो," भोंगा कुजबुजला.

"कुणावर?"

भोंगा वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बाईंनी आधी पूर्ण मौन सांगितलं, आणि नंतर ओरडणं कायमचं बंद. "गा हवं तर," त्या म्हणाल्या, "पण हळू."

मौन संपल्यावर तो तळघरात आला आणि भिंतीकडे तोंड करून एक ओळ गायला. डॉक्टरची काठी हवेतच राहिली. काय गोड आवाज! "हे तू इतकी वर्षं लपवून ठेवलंस?" मास्तर ओरडला.

"लाज वाटायची," भोंगा म्हणाला.

मग आम्ही जुनीच गाणी नव्यानं बसवायला घेतली, आणि शब्द पहिल्यांदाच आमच्या कानावर आले. पहिल्या अल्बममधलं सगळ्यात जहाल गाणं, ज्यावर एका श्रोत्यानं स्वतःचा बूट फाडला होता, ते असं होतं:

"पडदे उघडतेस, उजेड अंगावर सोडतेस,
माझ्या झोपेची हाडं मोडतेस."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पुढचं गाणं:

"ओला टॉवेल खाटेवर टाकला,
म्हणून काय कुणी मेला?"

"भोंग्या," मी म्हणालो, "ही व्यवस्था पोहायला शिकवते का रे?"

त्याचे कान लाल झाले. "ताईच्या कानात बोळे असतात," तो म्हणाला. "तिला काय कळतंय?"

पण भाऊ गोड गातो असं आम्हीच तिला कौतुकानं सांगून बसलो होतो. पुढच्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी ताईनं टेबल मांडलं, टी-शर्टांच्या घड्या लावल्या, आणि पहिलं गाणं सुरू होताच कानातले बोळे काढून खिशात टाकले. मी मंचावरून ते बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली. भोंगा डोळे मिटून गात होता. टॉवेलच्या गाण्याला लोक हसायला लागले, मग सूर धरून गायला लागले. ताईच्या हातात अर्धी घडी घातलेला टी-शर्ट. कुणीतरी विचारलं, "ताई, मोठ्या मापाचा आहे का?" तिनं हातातला त्याच्या डोक्यावर ठेवला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरावाला बसलो होतो. जिना उतरून ताई आली. गळ्यात तलावावरची शिट्टी तशीच.

"माइक दे."

"ताई, ऐक ना..."

"दोन अल्बम तू बोललास. आता माझी पाळी."

तिनं माइक हातभर लांब धरला आणि पोटातून आवाज काढला. "टॉवेल वाळत घाल!"

पाण्याखाली कान बुडलेल्या पोराला तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा आवाज तो. छताचा पोपडा पडला. डॉक्टरचे हात आपोआप सुटले, ब्रेकडाउन सुरू झाला, आणि मास्तरनं आयुष्यात पहिल्यांदा साधी चारची मात्रा धरली. ताई थांबेना. "तीन नोकऱ्या गेल्या तुझ्या, उशिरा उठून! चौथी टिकली ती कुणामुळे?"

वाद्यं थांबली. भोंगा खाली बघत म्हणाला, "माहितीये मला."

"मग ते का नाही लिहिलंस?"

"यमकात बसेना."

ताईनं त्याच्याकडे रोखून बघितलं. मग डॉक्टरला हसू फुटलं, मला फुटलं, आणि शेवटी तिलाही आवरेना.

तिसरा अल्बम असा सुरू झाला. भोंगा तक्रार गायचा, ताई उत्तर ओरडायची. कार्यक्रमांत ही गाणी ऐकून जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली, "अक्कलदाढ मऊ पडली," म्हणाले. पण भावंडं जोडीजोडीनं यायला लागली आणि ब्रेकडाउनला एकमेकांना मनसोक्त ढकलायला लागली. ताईनं भोंग्याला घसा न ताणता पोटातून हाक कशी मारायची ते शिकवलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घालून बघितलं आणि थोडं ओरडायला परवानगी दिली, "पण बहिणीवर नको," या अटीवर.

ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या दिवशी भोंग्यानं एक नवं गाणं आणलं. ताईनं कागद वाचला आणि परत केला. "आभारबिभार गाण्यात नकोत. म्हणायचंय तर तोंडावर म्हण."

भोंग्यानं जमिनीवर बूट घासले, छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग काहीतरी पुटपुटला. आम्हाला एक अक्षर कळलं नाही.

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "नीट आलं नाही. परत घेऊया?"

"नको," ताई म्हणाली. "मला कळलं."

आणि डॉक्टरनं काठ्या आपटून पुढच्या गाण्याची मोजणी सुरू केली.