ठणठणीत

दादाने दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले आणि तो त्यांच्यावर बसला. मग दात घट्ट आवळले. टेबलापलीकडे तीन डॉक्टर होते. मधल्या अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणून विचारलं,

"काय त्रास होतो तुम्हाला?"

"काही नाही, साहेब. एकदम ठणठणीत."

शेजारच्या खुर्चीवरच्या बहिणीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा जबडा हलत नव्हता. सकाळी अर्धा कप चहा शर्टावर सांडणारा, झोप सोडली तर ज्याचं तोंड क्षणभर स्थिर नसतं तो तिचा भाऊ फोटो काढायला बसल्यासारखा बसला होता.

"झोप?"

"छान लागते."

"हातांना कंप वगैरे?"

"छे, छे."

कडेला बसलेल्या डॉक्टरीणबाई सगळं लिहून घेत होत्या. बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या एका दिवसासाठी तिने किती चपला झिजवल्या होत्या! शाळेची व्हॅन चालवायची, पोरं घरोघर उतरवायची आणि तशीच जाऊन कुठल्या ना कुठल्या साहेबाच्या दारात उभं राहायचं. दादा कॉलेजात असताना गप्प गप्प राहायला लागला, म्हणून आईने त्याला मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. तिथे एका नव्या गोळीची चाचणी चालली होती. आईला ते कुणी सांगितलं नाही, त्याला तर नाहीच. गोळी पुढे बाजारात आलीच नाही. जबड्याचं ते सततचं चघळणं आणि हातांची थरथर मात्र दादाकडे कायमची मुक्कामाला आली. इतक्या वर्षांनी चौकशी झाली, चूक कबूल झाली, भरपाई जाहीर झाली. अट एकच, त्रास आजही आहे हे डॉक्टरांच्या मंडळाला दिसलं पाहिजे. भरपाई मिळाली असती तर दादासाठी कायमचा माणूस ठेवता आला असता. तिचे स्वतःचे गुडघे आता कुरकुरत होते आणि तिच्यामागे त्याला घास भरवणारं कुणी नव्हतं.

"दादा, हात बाहेर काढ," ती म्हणाली.

तो हलला नाही.

"काढ म्हणते ना. शर्टाचं बटण तरी लावता येतं का तुला? सांग त्यांना."

"ताई, दबाव आणू नका," अध्यक्ष म्हणाले. "ते स्वतःच सांगतायत ना?"

"सांगतोय कसला! घरी येऊन बघा एकदा."

दादा तिच्याकडे वळला. कपाळावर घाम डवरला होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. ओठ जेमतेम उघडून तो कुजबुजला,

"गप्प बस ना गं. ठेवून घेतील मला."

तिला एकदम उमगलं. वॉर्डात दर सोमवारी डॉक्टरांची फेरी असायची, हे त्याने सुटून आल्यावर सांगितलं होतं. हेच प्रश्न, हाच गोडवा. जो हलायचा त्याची गोळी वाढायची. जो शहाण्यासारखा बसायचा त्याला घरी सोडायचे. आतापर्यंत तिला दादाचा राग येत होता. आता तिने टेबलापलीकडे पाहिलं.

"डॉक्टर, आधी त्याला सांगा, की त्याला सोडलंय."

"म्हणजे काय? त्यांना कुणी धरून ठेवलेलं नाही."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. त्याला सांगा. तुमच्या तोंडून."

"अहो, तपासणी पूर्ण झाल्याशिवाय..."

"सांगा."

पोरांनी भरलेली व्हॅन एका दमात गप्प करणारा तो आवाज होता. डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि कटकट मिटावी म्हणून ते दादाला म्हणाले,

"ठीक आहे. तुम्ही घरी जाऊ शकता."

"आज?"

"हो, आत्ता."

"परत आत बोलावणार नाही ना?"

"नाही हो, नाही बोलावणार."

दादाने श्वास सोडला आणि त्याच्या अंगातलं सगळं सुटलं. जबडा गरगरा फिरू लागला, जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. मांड्यांखालून निघालेले हात टेबलाच्या कडेवर असे आपटू लागले की पेनं घरंगळून खाली पडली. हनुवटीवरून लाळ ओघळली. आणि तो हसत होता. तोंड वेडंवाकडं होत असतानाही ते हसू ओळखू येत होतं. तो उठला, झोकांड्या खात दाराशी गेला, कडीशी झटापट करून दार उघडलं आणि मागे न पाहता बाहेर पडला.

"त्यांना जरा आत बोलवा," अध्यक्ष म्हणाले. चेहरा उतरला होता त्यांचा. "रीतसर तपासून नोंदवावं लागेल. दोनच मिनिटं. नाहीतर केस अडकेल."

केस अडकली की काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ती उठली आणि तिने पर्स खांद्याला लावली.

"नाही बोलावणार," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता शब्द दिलाय त्याला."

"ताई, तुमच्याच फायद्याचं सांगतोय."

"मग तुम्ही या बाहेर. जिन्यापर्यंतच गेला असेल तो, भरभर चालता येत नाही त्याला. गाठा आणि काय तपासायचं ते तिथे तपासा."

तिने दार सताड उघडलं आणि ती ते धरून उभी राहिली. मग डॉक्टरीणबाई उठल्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तरी त्या पुन्हा बसल्या नाहीत.