पाइकला घास गिळू द्या

माधव रेग्यांना त्या शनिवारी आलेला राग खरा होता. ट्रेन रद्द झाल्यावर येणारा आणि चहाबरोबर उतरणारा नव्हे. त्यांना लबाड ठरवलं होतं, तेही बायकोच्या देखत आणि अगदी गोड आवाजात.

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या बाहेर, खडी काढून झालेल्या खाणीत पाणी साठून एक तळं झालंय. ते अँगलिंग क्लबचं. २००५च्या उन्हाळ्यात निम्मं तळं कमळाच्या पानांनी झाकलं होतं आणि पानांखाली पाइक दबा धरून बसलेले असत. पाइक म्हणजे लांब तोंडाचा, दातांनी भरलेला दांडगा मासा. पानांवरून रबरी बेडूक टुणटुण ओढत न्यायचा आणि पाइकने खालून झडप घालायची, असा तो खेळ. पकडलेला मासा लगेच पाण्यात सोडायचा. रेगे आठवडाभर ऑफिसात मान मोडून कोडिंग करत ते या एका सकाळच्या भरवशावर. घरात बसून शनिवार काढायला सांगितला असता तर त्यांना वेड लागलं असतं.

पण जूनभर नुसती फजिती. पाणी फुटायचं, बेडूक गडप व्हायचा, रेगे जोरात झटका द्यायचे आणि रिकामा बेडूक उडत येऊन त्यांच्याच टोपीवर आदळायचा. वेंगुर्ल्याच्या खाडीवर बोटाला दोरी गुंडाळून मासे धरलेला हात तो! तिथे बोटाला जरा टिचकी लागली की ओढायचं, नाहीतर आमिष गेलंच. पाइकचं तसं नाही. झडप घातली तरी बेडूक अजून त्याच्या ओठातच असतो. तो तोंड मिटून खाली वळला, दोरीला ओढ लागली, की मग झटका. हे रेग्यांच्या डोक्यात शिरलं होतं, हातात शिरत नव्हतं.

त्यांनी बेडकाचे लांब पाय कात्रीने आखूड केले, दोन्ही गळांची टोकं पक्कडीने किंचित वर उचलली, अंग मऊ पडावं म्हणून त्याला गरम पाण्यात बुडवलं.

"अहो, चहाच्या पातेल्यात बेडूक?" नीनाताई किंचाळल्या. "आणि एवढं करून मासा सुटतोच ना? सुटणारच. त्याने घास तोंडात घेतला नाही तोवर तुम्ही त्याच्यापुढचं ताट ओढता. आपल्याकडे श्लोक झाल्याशिवाय कुणी जेवायला लागतं का? म्हणा त्याच्यासाठी पण एक!"

त्या टोमणा मारत होत्या. रेग्यांनी तो मनावर घेतला. पुढच्या शनिवारी पाणी फुटलं तसं त्यांनी जेवणाआधीचा श्लोक ओठातल्या ओठात सुरू केला. पहिली ओळ संपली, दोरी ताठ झाली, हात वर गेला आणि पाइक लागला! पूर्ण श्लोक म्हटला तर मासा बेडूक थुंकून चालता होतो, हेही अनुभवाने कळलं. एक ओळ बरोबर पुरते. जुलै संपेपर्यंत रेग्यांचा मासा क्वचितच सुटू लागला.

आणि मग त्या शनिवारी क्लबचा सेक्रेटरी कॉलिन हातात कॉफीचा मग घेऊन आला.

"माधव, मेट, कुणी आरोप करत नाहीये हं," तो म्हणाला. "पण लोक म्हणतायत, तू जिवंत बेडूक लावतोस. क्लबमध्ये जिवंत आमिष बंद आहे, तुला माहीत आहे. शिवाय तू काहीतरी पुटपुटतोस म्हणे. तुझं मेंबरशिपचं कार्ड आज माझ्याकडे दे, पुढचं कमिटी बघेल."

रेग्यांची कानशिलं तापली. महिनाभर टोपीवर बेडूक आपटून घेतला, तेव्हा नाही कुणाची तक्रार आली! तेव्हा पलीकडच्या काठावरून हात हलवून "अनलकी!" म्हणत होते सगळे. हरणारा रेगे फार गोड माणूस होता. चार मासे लागले आणि लगेच लबाड झाला? ते ओरडणार, एवढ्यात नीनाताईंनी काठावरच्या खुर्चीतून उठून त्यांची बाही धरली.

"अहो, ही इज बीइंग रिडिक्युलस, आय नो. पण ओरडलात तर तेवढंच लक्षात ठेवतील. करून दाखवा त्याला."

रेग्यांनी बेडूक कॉलिनच्या तळहातावर ठेवला. त्याने तो दाबला, तशी आतल्या पाण्याची पिचकारी त्याच्या शर्टावर उडाली.

"हा रबरी आहे खरा," शर्ट पुसत तो म्हणाला, "पण सकाळी हाच होता कशावरून?"

कपाळ त्याचं! रेग्यांनी बेडूक पानांवर फेकला. रागावलेला हात घाई करतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता चुकलं तर कार्ड गेलं, तळं गेलं आणि लबाड हे नाव कायमचं चिकटलं. बेडूक दोन पानं ओलांडून मोकळ्या पाण्याशी आला आणि पाणी धाडकन फुटलं. हात शिवशिवला. रेग्यांनी तो दाबून धरला आणि श्लोक सुरू केला, ओठातल्या ओठात नव्हे, चांगला खणखणीत, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा. ओळ संपली. दोरी ताठ झाली. मग त्यांनी असा झटका दिला की रॉड अर्धा वाकला.

नीनाताईंनी जाळं पुढे केलं. हातभर पाइक, आणि जबड्यात दोन्ही गळ घट्ट रुतलेला तोच रबरी बेडूक. रेग्यांनी चिमट्याने गळ सोडवले, मासा पाण्यात सोडला आणि कॉलिनकडे बघत उभे राहिले.

"बरं तर," कॉलिन म्हणाला. "हा विषय आपण इथेच संपवू."

संपवू! जणू रेग्यांनी गुन्हा केला होता आणि हा मोठ्या मनाने पोटात घालत होता. ज्या देशात आपण दुसऱ्याच्या पायावर पाय दिला तरी तोच सॉरी म्हणतो, तिथे ह्या माणसाच्या तोंडून एवढ्या वेळात ते निघालं नव्हतं. उलट तो मग हलवत आणखी जवळ सरकला.

"पण ते तू म्हणतोस काय रे? मला शिकव ना. माझे पाइक नेहमी सुटतात."

रेग्यांनी टोपी नीट केली.

"कॉलिन, तुला एक शब्द म्हणता येत नाहीये," ते म्हणाले. "अख्खी ओळ कुठून येणार?"