कोपीपर्यंतची वाट

मित्रांनो, माझी दोन चाकं एकमेकांसारखी नाहीत म्हणून हसू नका. डावं अस्सल आहे, उजवं एका मोडक्या सायकलचं. मी चाकांची खुर्ची, पंचविशी ओलांडलेली. तोंडानं जरा फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मदतीच्या ट्रकमधून मी औशाकडच्या एका गावात उतरले. किशनराव नावाच्या शेतकऱ्याचे दोन्ही पाय भिंतीखाली सापडले होते. त्यांच्यासाठी मला ठेवून घेतलं. नव्या वसाहतीतले रस्ते सरळ होते, त्यामुळं पारावर, दवाखान्यात, शाळेच्या झेंड्याला, सगळीकडं आम्ही जायचो. फक्त शेतात नाही.

आमच्या भागात वेळ अमावस्येला अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोपी, म्हणजे झोपडी, उभारून आत पांडव म्हणून पाच दगडांची पूजा मांडतात आणि येईल त्याला भाज्यांची भज्जी नि ताकातली आंबट आंबील वाढतात. मागं गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. राहायचो आम्ही दोघं. किशनरावांचा मुलगा ज्ञानोबा दरवर्षी म्हणायचा, "ढेकळांत चाकं चालत न्हाईत, आबा. पुढच्या साली बघू." मुलगा चांगला होता हो, औषधाला कधी चुकला नाही. पण अशी अकरा सालं गेली आणि किशनरावही गेले. मी गोठ्यात पडले. बसायच्या जागेवर एका कोंबडीनं अंडी घातली. मला भयंकर राग आला होता, कशाला लपवू?

पुढं लातुरात क्लासची लाट आली. ज्ञानोबाची मुलगी शिवकांता डॉक्टर व्हायचं म्हणून तिथं राहायला गेली. तिला क्लासला न्यायचे ऑटोवाले यासेरभाई. त्यांची आठ वर्षांची अलीझा जन्मापासून आजारी. गळ्यात श्वासाची नळी, पोटात जेवणाची नळी. चालता येत नव्हतं, आवाज फुटत नव्हता. तिची आई बुशरा तिला कडेवर घेऊन फिरायची. शिवकांतानं हे पाहिलं आणि घरी फोन लावला. आठवड्यात मी लातुरात! यासेरभाईंनी गंज खरवडला, सायकलचं चाक बसवलं, मागं कफ ओढायच्या मशीनसाठी फळी जोडली. अलीझा माझ्या हाताच्या दांडीवर बोटानं वाजवून बोलायची. दोनदा म्हणजे हाव, एकदा म्हणजे न्हाई.

त्या वर्षी ज्ञानोबानं त्यांना वेळ अमावस्येचं बोलावणं धाडलं. अलीझाला विचारलं, तर तिनं दहादा वाजवलं. घर आणि दवाखाना सोडून तिनं काही पाहिलंच नव्हतं. बुशरा तीन दिवस सामान भरत होती. "धुळीचं तेवढं बघा, भाऊ," तिनं फोनवर सांगितलं, "नळीत धूळ गेली की तिचा जीव घाबरा होतो."

ज्ञानोबानं ते फारच मनावर घेतलं. धूळ उडू नये म्हणून पठ्ठ्यानं आदल्या दिवशी विहिरीवरची मोटार लावून रस्त्यापासून कोपीपर्यंतची सगळी वाट भिजवली. काळी माती ती! दहा पावलांत माझ्या चाकांचे चिखलाचे लाडू झाले. पुढं सरकेना, मागं सरकेना. पोरीला उचलून न्यावं, तर निसरड्यात तोल जाऊन गळ्यातली नळी निसटायची भीती. तेवढ्यात तिला कफ दाटला. बुशरानं तिथंच चिखलात गुडघे टेकून मशीन लावलं आणि कफ ओढून काढला. पोरीच्या ओठांना रंग आला, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

"चला, घरी जाऊ," बुशरा म्हणाली. "पुढच्या साली येऊ."

अलीझानं माझ्या दांडीवर एकदाच वाजवलं. इतकं जोरात की माझा सांधा कुरकुरला.

"काय म्हणली?" ज्ञानोबानं विचारलं.

"न्हाई म्हणली," यासेरभाई म्हणाले.

ज्ञानोबा माझ्याकडं बघत राहिला. "भाबी, माझा बाप ह्याच खुर्चीत बसून वाट बघायचा. पुढच्या साली, पुढच्या साली करत म्या त्याला कधीच न्हाई आणलं." एवढं बोलून तो कोपीकडं पळाला आणि कडब्याच्या पेंढ्या उपसायला लागला.

"आरं, सणाच्या दिवशी कोपी मोडतो का?" त्याची आई भामाबाई ओरडली.

"मोडू दे!"

मग म्हातारी पदर खोचून म्हणाली, "आण, दोन पेंढ्या माझ्याकडं बी दे."

चिखलावर पेंढ्या अंथरल्या गेल्या. कोपीच्या नुसत्या काठ्या उरल्या आणि पूजेचे पाच दगड उन्हात बसले. मी किरकिर करत, पण सरळ, त्यांच्यापर्यंत गेले. अलीझाला गिळता येत नव्हतं, म्हणून बुशरानं आंबिलीत बोट बुडवून तिच्या ओठांना लावलं. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि दोनदा वाजवलं. भामाबाई हसता हसता रडायला लागली.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला, हवा भरा, कोंबड्यांना लांब ठेवा. एवढं केलंत तरी मी खूश. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला 'पुढच्या साली' म्हणायच्या आधी आजूबाजूला एकदा नीट बघा. किशनरावांच्या वेळीही त्या शेतात कडबा होताच. अकराही वर्षं होता.